पांढरे कोंबडे आणि उन्हाळ्याचं पत्रक

लढाईच्या दिवसांत मी शेती खात्यात कामदार होतो. कामदार म्हणजे काम करणारा, असा कोणाचा समज असेल तर तो चुकीचा आहे. काम शेतकरी करत. आम्ही साहेबांच्या मागे उभं राहायचं, पत्रकं वाटायची, आणि साहेब जे बोलले ते लोकांना समजेल अशा बोलीत पुन्हा सांगायचं. साहेब पुण्याकडून शिकून आलेले. त्यांचं मराठी ऐकून आमच्याकडची माणसं आदरानं मान डोलवत, कारण एक शब्द कळत नसे.

मी फुलचूरचा. गोंदिया स्टेशन चालत जाण्याच्या अंतरावर, त्यामुळे बाजाराची हिंदी आणि गावची झाडीबोली दोन्ही माझ्या तोंडात होत्या, आणि बहुधा तेवढ्याच गुणावर मला नोकरी मिळाली. शेतीतलं मला फारसं कळत नव्हतं. आमचं घर किराणा दुकानाचं. कोंबडीचं तर पीससुद्धा आमच्या अंगणात उडून आलं तर आई चिमट्यानं उचलून बाहेर टाकत असे. अशा माणसाला सरकारनं कोंबडीपालनाचा प्रचार करायला पाठवलं. सरकारची निवड नेहमी अशीच अचूक असते.

होळी झाली की उन्हाळ्याचं पत्रक यायचं. पिवळसर कागद, वर मोठ्या अक्षरात 'उन्हाळा सुरू होताच शेतकरी बंधूंनी काय करावे', आणि खाली कलमं. त्या वर्षी पिकाचं पहिलं कलम होतं, लाखोरीची डाळ आणि जवस निघताच जमीन लोखंडी नांगरानं खोल नांगरावी. साहेबांनी हा प्रयोग आधी मुर्रीला करून दाखवला. धानाच्या बांधीतली, बांध घातलेल्या शेतातली, माती चैत्रात कशी होते हे मुर्रीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. ती विटेसारखी होते. लोखंडी नांगर तिच्यावरून घसरला, उडाला, पुन्हा घसरला, आणि तिसऱ्या फेरीला बैल खाली बसला तो उठेना. बैलाचा मालक म्हणाला, "साहेब, पानी पडू द्या, मंग नांगरतो मी. आता कायले बैलाचा जीव घेता?" मी त्याचं पुणेरीत भाषांतर केलं. साहेबांनी वहीत लिहिलं, 'येथील बैल अशक्त आहेत.'

नांगर परत गाडीत चढला आणि आम्ही कोंबड्यांकडे वळलो. लष्कराला अंडी हवी होती. आमच्याकडची देशी कोंबडी अंडी कमी आणि लहान देते, म्हणून तिची जात सुधारायची. त्यासाठी विलायती पांढरे कोंबडे गावोगाव वाटायचे आणि गावातले देशी कोंबडे काढून टाकायचे, म्हणजे पुढची सगळी पिल्लं सुधारलेली निघतील. कागदावर हे इतकं सरळ होतं की मलाही ते पटलं. कागदावरच्या गोष्टी मला नेहमी लवकर पटत.

गाव निवडलं चोरखमाऱ्याच्या तलावाच्या अलीकडचं, जंगलाच्या कडेचं. गावचे मालगुजार, म्हणजे जमीनदार, सरकारी माणसांची सरबराई चांगली करत, हे ते गाव निवडण्याचं खरं कारण. नागपूरकडून रेल्वेनं बांबूच्या पिंजऱ्यात बारा पांढरे कोंबडे आले. लहानशा स्टेशनावर आम्ही ते उतरवून घेतले. मोठा लाल तुरा, बर्फासारखी पिसं, आणि बाराच्या बारा चोच उघडी टाकून धापा टाकत होते. एकाच्या नाकातून पाणी गळत होतं.

मी पत्रक काढलं. शेवटच्या कलमात, बारीक अक्षरात, लिहिलं होतं की बाहेरून आणलेले पक्षी काही आठवडे गावातल्या पक्ष्यांपासून वेगळे ठेवावेत. मी ते साहेबांना दाखवलं.

"साहेब, वेगळे ठेवायला सांगितलंय."

साहेबांनी चष्मा पुसला. "तो नियम लोकांनी बाजारातून आणलेल्या पक्ष्यांसाठी आहे. हे सरकारी पक्षी आहेत."

"पण हा एक आजारी दिसतो."

"प्रवासाचा शीण आहे. आणि मोठे साहेब महिन्याअखेर पाहणीला येणार. तेव्हा काय पिंजरे दाखवायचे?"

मी पत्रकाची घडी घातली. साहेब छपराच्या दमणीत बसले, कोंबडे उघड्या बैलगाडीत उन्हात ठेवले. पत्रकात कोंबड्यांना सावली द्यावी असंही कलम होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालगुजारांच्या घरापुढच्या चिंचेखाली सभा भरली. मालगुजार खुर्चीवर, साहेब खुर्चीवर, बाकी गाव जमिनीवर. मालगुजार कोंबडीला शिवत नसत. त्यांच्या खुर्चीखाली गोमूत्र शिंपडून ठेवलं होतं, कारण पिंजरे वीस हातांवर होते. तरी सभेचे अध्यक्ष तेच. साहेबांनी अर्धा तास भाषण केलं. मग मी पत्रक वाचलं. कोंबड्यांना हवेशीर घर करावं, छपरावर ओलं गवत टाकावं, पाणी दिवसातून चार वेळा बदलावं, खुराड्याला चुना द्यावा. वाचता वाचता शेवटच्या कलमापाशी आलो. साहेब माझ्याकडे बघत होते. मी ते कलम गाळलं आणि पत्रक संपलं असं सांगून बसलो.

कोणी मला दटावलं नव्हतं. नोकरी जाईल असंही कोणी म्हणालं नव्हतं. मी आपणहून गाळलं. आयुष्यात मी पुष्कळ लोकांना नावं ठेवली, पुढेही ठेवणार आहे, पण त्या यादीत वरचं नाव कोणाचं हे मला माहीत आहे.

"कोनाले काही इचाराचं हाये का?" मी विचारलं.

मागून एक बाई उठली. गोंड, विधवा, पन्नाशीपुढची, काळी आणि वाळलेली. गावाच्या टोकाला जंगलाला लागून तिची झोपडी होती. गावात कोंबड्या सगळ्यांकडे होत्या, पण तिच्याकडच्या जास्त आणि धष्टपुष्ट. तिखट जिभेमुळे तिच्याशी कोणी फार बोलत नसे. ती सरळ पिंजऱ्यापाशी गेली, वाकून बघितलं, आणि साहेबांना विचारलं, "हा कोंबडा घार ओळखते का?"

मी भाषांतर केलं. साहेब हसले. "बाई, घार कोंबड्यानं ओळखायची नसते. मालकानं वरून जाळी लावायची."

"जाळी कोन देते?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पत्रकाकडे पाहिलं. पत्रकात जाळीचं कलम होतं, जाळी कोण देतो याचं नव्हतं.

"असा पांढरा फटक कोंबडा जंगलाच्या कडेले फिरवाचा," ती म्हणाली, "म्हणजे रानमांजराले आवतन देनं झालं. आन् याच्या नाकातून पानी गरून राहिलं. हा दुखनाईत हाये. मले नको."

मालगुजारांना ते सरकारी अपमानासारखं वाटलं. ते खुर्चीतून गरजले, "तुले कोन इचारते? दोन दिवसांत गावातले सारे देशी कोंबडे गेले पायजे. तुहा पन."

"माहा कोंबडा मी कोनाले खाऊ देत नाई."

"मंग गावात राहाचं नाई. तुही एक कोंबडी गावात दिसली तर पाय तोडीन. कोंबडीचे नाई, तुहे."

लोक हसले. मीही हसलो. मालगुजार हसले की हसायचं ही तिथली रीत होती आणि मी ती लवकर शिकलो होतो.

बाई निघून गेली. मोहफुलं वेचायचे दिवस होते, अर्धी वस्ती तशीही जंगलात जाणारच होती. दुपारी ती कावड खांद्यावर घेऊन निघाली. दोन्ही बाजूंना झाकलेल्या टोपल्या, टोपल्यांत कोंबड्या, आणि एका टोपलीवर तिचा तांबडा कोंबडा पाय बांधून बसवलेला. तो सगळ्या गावाकडे मान वळवून बघत गेला. साहेबांनी विचारलं, "ही बाई कुठे चालली?" मी म्हणालो, "मोहफुलं वेचायला." ते म्हणाले, "आळशी लोक."

पुढचे दोन दिवस गावात चंगळ होती. घरोघर देशी कोंबड्यांचा रस्सा शिजला. सरकारच्या कुठल्याही हुकमाची इतक्या आनंदानं अंमलबजावणी झालेली मी पाहिली नाही. मग पांढरे कोंबडे बारा घरांत वाटले. साहेबांनी प्रत्येक घरापुढे उभं राहून पुन्हा उपदेश केला. एका घरात बाई डोक्यावर दोन घागरी घेऊन येत होती. गावचं लहान तळं, म्हणजे बोडी, आटलं होतं, विहीर अर्ध्या कोसावर. साहेबांनी तिला सांगितलं की कोंबड्याचं पाणी दिवसातून चार वेळा बदल आणि छपरावरही शिंपड.

ती घागरी न उतरवताच माझ्याकडे वळली. "बाबू, लेकराले धुवाले पानी नाई, आन् कोंबड्याले चार बखत? याले सांग, माह्या घरी याची बायको पाठव पानी भराले."

मी साहेबांना सांगितलं, बाई म्हणते प्रयत्न करीन.

साहेब समाधानानं गोंदियाला परतले. मीही परतलो.

दहा-बारा दिवसांनी मालगुजारांचा माणूस चिठ्ठी घेऊन आला. साहेब दौऱ्याच्या तयारीत होते, त्यांनी मला एकट्याला पाठवलं. गावात शिरतानाच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. थोडा वेळ कळेना काय. मग लक्षात आलं, आवाज नाही. कुठे आरवणं नाही, कॉक-कॉक नाही, उकिरड्यावर काही खरवडत नाही. चार पांढरे कोंबडे पहिल्याच आठवड्यात उन्हानं मेले होते, दोन रानमांजरानं नेले. उरलेले झुरायला लागले आणि त्यांच्यापासून गावातल्या कोंबड्यांना मानमोडी लागली. हिरवी हगवण, पंख लोंबलेले, मान पिळवटून मागे जायची आणि कोंबडी जागच्या जागी गोल फिरून पडायची. माझ्यासमोर एक पडली.

बायका ओट्यावर बसून होत्या, मीही कडेला टेकलो. कोणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. घागरीवाली बाई उठली, घरात गेली, मेलेली कोंबडी घेऊन आली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"घे बाबू. साहेबाले दे. अंडे देनार होती."

मी आयुष्यात पहिल्यांदा कोंबडी हातात धरली ती अशी. ती इतकी हलकी असेल असं मला वाटलं नव्हतं. अजून कोमट होती. मी ती खाली ठेवू शकलो नाही आणि धरूनही बसू शकलो नाही. शेवटी त्या बाईनंच ती उचलून नेली.

मी गोंदियाला येऊन सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि लिहिलं, 'लोकांनी पाणी वेळेवर दिले नाही.' मोठ्या साहेबांची पाहणी थंडीपर्यंत पुढे ढकलली गेली. उन्हाचं कारण सांगितलं होतं. कोंबड्यांना लागणारं ऊन मोठ्या साहेबांनाही लागतं, हे त्या फायलीतलं एकमेव खरं वाक्य.

रोग आठवडी बाजारातून आजूबाजूच्या गावांतही गेला. आणि मग ज्येष्ठ लागला.

पेरणीआधी त्या गावात मातामायला, म्हणजे गावदेवीला, कोंबडा द्यावा लागे. तांबडा, त्याच गावात उबवलेला. त्याशिवाय पऱ्ह्याचं, रोपांसाठीचं, धान कोणी जमिनीत टाकत नसे. पूजा सांगणारा भुमका म्हातारा गोंड होता. तो मालगुजारांकडे येऊन म्हणाला, "कोंबडा पायजे." गावात कोंबडाच काय, कोंबडीची नखंसुद्धा उरली नव्हती. बाहेरच्या गावांतही हीच गत.

मालगुजार म्हणाले, "नारळ फोड."

"नारळ तुमच्या देवाले चालते," भुमका म्हणाला. "मातामाय कोंबडा मांगते. आमी नाई पेरत."

आणि खरंच कोणी पेरेना. बांधीला लागणारे सगळे हात त्याच लोकांचे. बियाणं कणगीत, नांगर दारात, आणि मालगुजारांची सगळी जमीन एका कोंबड्यासाठी अडून बसली. कोंबड्यापासून वीस हात दूर बसणारा माणूस आता सकाळ-संध्याकाळ दुसरं काही बोलत नव्हता.

त्यांनी मला बोलावून घेतलं. "तुमच्या साहेबानं केलं हे. तुमीच निस्तरा. त्या रांडेजवर कोंबडे असतील. घेऊन या."

"तुम्ही तिला हाकललं होतं," मी म्हणालो.

"म्हनून तर तुमाले सांगून राहिलो."

मी एका गड्याला वाट दाखवायला घेऊन जंगलात गेलो. तलावाच्या पलीकडे एका नाल्याच्या काठी, मोहाच्या दोन मोठ्या झाडांखाली तिनं फांद्यांचं खोपटं केलं होतं. मोहफुलं संपली होती, तेंदूपत्ताही संपत आला होता, तरी ती परतली नव्हती. कोंबड्या करवंदीच्या जाळीत फिरत होत्या. मी वाकून पाहिलं, जाळीच्या आत इतका गारवा की आपणच शिरून बसावं. वरून घारीला दिसायची सोय नाही. नाल्याच्या रेतीत तिनं मडकं गळ्यापर्यंत पुरलं होतं, पाण्यावर हात ठेवला तर गार. एका बाजूला फुटकी मडकी उपडी घातली होती. तिनं माझ्यासमोर एक उचललं. खाली शेण आणि काड्या, आणि त्यात वाळवी बुजबुजलेली. पिल्लं धावत आली आणि क्षणात सगळं साफ.

माझ्या पिशवीत पत्रकाच्या चाळीस प्रती होत्या.

तिनं मला बस म्हटलं नाही. मी उन्हात उभा, ती सावलीत.

"कायले आला?"

मी सगळं सांगितलं. मानमोडी, मातामाय, अडलेली पेरणी. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुले सभेत माहीत होतं का, का तो कोंबडा दुखनाईत हाये?"

मी नाही म्हणू शकलो असतो. गडी ऐकत होता. "माहीत होतं, माय," मी म्हणालो. "कागदात लिहिलंबी होतं. मी वाचलं नाई."

"काऊन?"

मी पत्रकांची पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. ती माझ्याकडे बघत राहिली, घाण काय आहे ते काठीनं उलटून बघावं तशी. मग तिनं तोंड फिरवलं.

"जा. त्याले सांग, सोता ये. ज्या तोंडानं जा म्हटलं त्या तोंडानं ये म्हन. नाईतर त्याच्या बांधीत यंदा गवत पेर म्हना."

मी मालगुजारांना निरोप दिला. गवताचं गाळलं नाही. त्यांचा चेहरा तांबडा झाला. ते म्हणाले, "मी? त्या गोंडनीच्या दारात?" दोन दिवस ते असंच म्हणत राहिले. तिसऱ्या दिवशी दक्षिणेकडून ढग चढले, आणि शेजारच्या गावाच्या मालगुजाराचे पऱ्हे टाकून झाल्याची बातमी आली. ढगांना जे जमलं नव्हतं ते शेजाऱ्याला जमलं. त्यांनी दमणी जुंपायला सांगितली.

मी बरोबर होतो. वाट जिथे संपते तिथे दमणी थांबली, पुढे त्यांना चालावं लागलं. पांढरं धोतर करवंदीच्या काट्यांत अडकत होतं. ती खोपटासमोर टोपली विणत बसली होती. उठली नाही.

मालगुजार दहा हातांवर थांबले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, गावात ये."

"अं?"

"गावात ये म्हटलं."

"जोरानं बोल. कोंबड्याईले ऐकू नाई आलं."

माझ्यामागे गाडीवान होता, भुमका होता, आणखी चार-दोन माणसं होती. कोणी हसलं नाही. या खेपेला हसायचं की नाही हे ठरवून द्यायला कोणी नव्हतं.

मालगुजारांनी श्वास घेतला आणि ते ओरडले, "कोंबड्या घेऊन गावात ये! कोनी काही म्हननार नाई!"

मोठा तांबडा कोंबडा जाळीतून बाहेर आला, त्यांच्याकडे बघून आरवला. बाईनं टोपली खाली ठेवली. "चाल," ती म्हणाली, आणि लगेच कामाला लागली, जणू सकाळपासून ती निघायच्याच तयारीत होती. कदाचित असेलही. कोंबड्या टोपल्यांत भरल्यावर तिनं एक टोपली उचलली आणि मालगुजारांपुढे धरली. त्यांचे हात मागे गेले. ते पाहून ती पहिल्यांदा हसली, आणि टोपली माझ्या डोक्यावर ठेवली. मी ती गावापर्यंत आणली. आतली कोंबडी वाटभर माझ्या डोक्यावर नखं घासत होती.

मातामायला तिनं त्या मोठ्या कोंबड्याचा एक पोरगा दिला, तांबडाच. बाप दिला नाही. वाढलाही गावातच पाहिजे म्हणून भुमक्यानं कुरकुर केली. तिनं विचारलं, "उबवला गावात, मंग फिरला कोठं याचा हिशेब मातामायनं ठेवला का तू?" त्यानं कोंबडा घेतला. त्याच संध्याकाळी गावात धान भिजत घातलं आणि दोन दिवसांत पऱ्हे टाकून झाले. मालगुजारांनी दुरूनच हात जोडले आणि घरी जाऊन आंघोळ केली.

मग तिनं घरोघर एकेक कोंबडी दिली. दान नव्हे, अर्धेलीनं. कोंबडी तुमच्या अंगणात राहील, पिल्लं निघाली की निम्मी तिची. ज्या बायका सभेत हसल्या होत्या त्यांना तिनं दारात उभं ठेवलं, पुरेसं ऐकवलं, आणि मग कोंबडी दिली. घागरीवाल्या बाईला मात्र न ऐकवता दोन दिल्या. मला हे चांगुलपणाचं वाटलं म्हणून मी तसं बोललो. ती म्हणाली, "चांगली कायची? तिच्या परसात सावली हाये. तिथं पिल्लं जगतात."

थंडीत मोठे साहेब आले. गावात जिकडे तिकडे कोंबड्या आणि पिल्लं. आमचे साहेब त्यांना गल्लीगल्लीतून फिरवत होते. एका पिल्लाचा एक पंख फिकट होता. साहेबांनी ते हातात उचलून दाखवलं, "पांढऱ्या रक्ताचा परिणाम दिसू लागला आहे." मोठ्या साहेबांनी मान डोलवली. तो पंख त्या पिल्लाच्या आजीचाही तसाच होता, पण आजीला कोणी विचारलं नाही. अहवालात योजना यशस्वी लिहिली गेली. प्रगतिशील सहकार्याबद्दल मालगुजारांना प्रशस्तिपत्रक मिळालं, त्यांनी ते काचेत लावून बैठकीत टांगलं. साहेबांना वरची जागा मिळाली. अहवालाखाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे.

त्याच थंडीत मी एकदा एकटा तिच्याकडे गेलो. म्हटलं, माय, तू उन्हाळ्यात कोंबड्या कशा ठेवतेस ते सांग, मी लिहून घेतो, पुढच्या पत्रकात घालू. ती शेंगा फोडत होती. आधी नाही म्हणाली. मग कंटाळून सांगितलं, करवंदीची जाळी, पुरलेलं मडकं, वाळवीचं मडकं, होळीनंतर अंडी उबवायला ठेवायची नाहीत, बाहेरची कोंबडी आली की एक पाख, म्हणजे पंधरवडाभर, वेगळी बांधायची. मी सगळं लिहिलं. निघताना तिनं विचारलं, "कोन वाचते हे?"

"साहेब लोक."

"त्याईच्याजवर कोंबड्या हायेत का?"

"नाई."

"मंग बरं," ती म्हणाली.

मी ते स्वच्छ अक्षरात लिहून कचेरीत पाठवलं. महिन्यानं परत आलं. कडेला लाल शाईत शेरा होता, 'शास्त्रीय आधार नाही. छपाईयोग्य नाही.' अक्षर आमच्याच साहेबांचं होतं, आता वरच्या जागेवरून.

त्या दिवशी मी राजीनामा दिला असं इथे लिहिता आलं असतं तर फार शोभलं असतं. दिला नाही. लढाई संपली, पुढे इंग्रज गेले, खात्यात टोप्या बदलल्या, आणि मी तिथेच राहिलो. आमच्या लेखी बाई आणि तिच्या कोंबड्या कधी झाल्याच नाहीत. ती मात्र दर पावसाळ्याआधी टोपली घेऊन घरोघर जात असे आणि आपली निम्मी पिल्लं मोजून नेत असे. एकदा वाटेत भेटली. मी नमस्कार केला. तिनं टोपलीचं झाकण दाबून धरलं, माझ्या पिशवीकडे संशयानं पाहिलं, आणि रस्त्याच्या दुसऱ्या कडेनं निघून गेली.